दोन बुटांचा फुंग

कागदाची पाच बोटं. प्रत्येक लवंगेएवढं. करंगळीला नखसुद्धा.

*

‘भट्टीत प्लॅस्टिक, बॅटऱ्या व फटाके टाकू नयेत.’

*

“तो बाहुला येईपर्यंत तू मरशील बघ.” बायको, नवऱ्याला, शेवया उकळताना.

*

‘कळवण्यास खेद होतो की, चेहऱ्याच्या रंगकामात सुधारणा सुरू असल्याने आपला नग पुढच्या तिमाहीत मिळेल.’

*

डाव्या पायात बूट. उजवा पाय उघडा.

*

चित्रपटाची डिस्क. पहिली आवृत्ती. वरचं पारदर्शक वेष्टन जसंच्या तसं.

*

‘कळवण्यास खेद होतो की, चेहऱ्याच्या रंगकामात’

*

मी दात बनवतो.

*

हे सगळं एकाच गोष्टीचं सामान आहे. नवी फिगर आली की मी असंच करतो. खोक्यातून निघेल ते आधी टेबलावर सुटं सुटं पसरून ठेवायचं, कॅमेऱ्याला दाखवायचं, मग जोडायला घ्यायचं. दिवसभर मी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या ओततो आणि संध्याकाळी फिगरांना गुण देतो आणि त्याच्या चित्रफिती इंटरनेटवर टाकतो. फिगर म्हणजे चित्रपटातल्या माणसाची फूटभर उंचीची, खऱ्या कापडाचे कपडे घातलेली हुबेहूब प्रतिकृती. तिला बाहुला म्हटलं की माझा मित्र कॉस्मॉस चुई जेवणाच्या टेबलावरून उठून जातो. हाँगकाँगात, मोंगकॉकच्या एका जुन्या मॉलमध्ये काचेच्या पेट्यांची एक भिंत आहे. हौशी लोक त्या भाड्यानं घेतात आणि आपला माल मांडतात. त्यातली खालून तिसऱ्या ओळीतली पेटी माझी.

आम्ही तिघं होतो. मी, कॉस्मॉस आणि यिप वाई-कुन. कुन हिरवी मिनीबस चालवायचा आणि खलाशी फुंगची वाट बघायचा. ‘खाऱ्या पाण्याची शपथ’ या चित्रपटातला हा फुंग रात्रीच्या फेरीबोटीवर काम करतो आणि होडी ओढायच्या आकड्यानं एकेका गुंडाचा निकाल लावतो. कंपनीनं जाहीर केला होता तो अखेरच्या प्रसंगातला फुंग. अंगात भिजलेला कोट, हातात आकडा आणि एकाच पायात बूट, कारण दुसरा समुद्रात गेला. कुननं जाहिरात आली त्याच दिवशी पैसे भरले. मग तिमाहीमागून तिमाही गेली आणि एके दिवशी गाडी लावून, चहाचा पहिला घोट घेऊन, कुनच गेला.

थोड्या दिवसांनी त्याची बायको मॉलमध्ये आली. आम्ही तिला वहिनी म्हणतो. ती आजवर या मॉलची पायरी चढली नव्हती.

“कंपनीला फोन केला होता,” ती म्हणाली. “म्हणाले, पुढच्या तिमाहीत. मी म्हटलं, अहो, माणूस गेलाय. तर म्हणाले, नावबदलाचा अर्ज भरा.”

आम्ही दोघांनी माना हलवल्या. अर्ज खरंच भरावा लागतो.

“दोन वर्षं मी त्याला मरशील मरशील म्हणत राहिले,” वहिनी म्हणाली. “गमतीत म्हणायचे. आता चिंगमिंगला सगळे आपापल्या पितरांना भेटायला जातील, तेव्हा मी कुठल्या तोंडानं जाऊ? कागदाचं घर जाळून पाठवलं, कागदाचा मोबाइल पाठवला, माहजाँग खेळायचा संच पाठवला. त्याला ह्यातलं काहीएक नको होतं. तो इथून वाट बघत गेला आणि तिकडेही वाट बघत बसला असेल. मला कागदाचा फुंग करून पाठवायचाय. मोक मास्तरांना सांगितलंय. त्याला पसंत पडेल असा होतोय की नाही, एवढं तुम्ही बघा. मला त्यातलं काही कळत नाही.”

“म्हणजे मूल्यमापन,” कॉस्मॉस म्हणाला आणि खिशातून विजेरी काढली.

खोका

मोक मास्तरांचं दुकान शाम शुई पो भागात, पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंचं. बांबूच्या कामट्या, खळीचं भांडं, छताला टांगलेल्या कागदी मोटारी आणि घोड्यांच्या शर्यतीचं समालोचन करणारा रेडिओ. मास्तर साठीचे, अंगात बास्केटबॉलचा बनियन आणि आवाज पलीकडच्या फुटपाथवर पोचेल असा.

कॉस्मॉस बँकेत कर्जं मंजूर करतो, म्हणजे बहुतेक नामंजूर करतो. त्याच्या घरी दोनशे फिगर आहेत. त्यानं त्यातली एकही पाहिलेली नाही, कारण तो खोका उघडत नाही. त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न ठरलेलाच होता.

“खोका कोण करणार?”

“कसला खोका?” मास्तर म्हणाले. “मी मोटार करतो, आत ड्रायव्हर बसवून देतो. बंगला करतो, गच्चीवर कुत्रा देतो. खोका आजवर कुणी मागितला नाही.”

“खोक्याविना फिगरची निम्मी किंमत जाते, मास्तर. आणि त्याच्या बाहेर साधा तपकिरी खोका. तो वाहतुकीचा.”

“खोक्याला खोका?”

“आणि दोन्हींच्या मध्ये पातळ कागद.”

मास्तरांनी वहिनीकडे पाहिलं. “जळायला बरं पडेल,” ते म्हणाले.

वहिनीनं विचारलं, “पण तिकडे तो खोका उघडताना फाटणार नाही का?”

“उघडायचा नसतोच, वहिनी,” कॉस्मॉस कळवळून म्हणाला.

खोका: दहापैकी दहा.

सांधे

ह्याबद्दल नंतर.

चेहरा

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा फुंग उभा होता. गालाची हाडं, तुटकी भुवई, हनुवटीवरचा व्रण, सगळं कागदाचे थर चिकटवून आणि घासून केलेलं. फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके.

“डोळे कुठायत?” कॉस्मॉसनं विचारलं.

“डोळे भट्टीपाशी देणार. जाळायच्या आधी, दोन टिंबं.” मास्तरांनी हवेत बोट टेकवून दाखवलं. “डोळे दिले की तो जागा होतो. आणि जागा झालेला कागदी माणूस घरात ठेवत नाहीत. माझ्या बापानं मला पहिल्या दिवशी काय सांगितलं असेल तर हे.”

“पण मास्तर, नजर नाही तर चेहऱ्याला गुण कसे देणार?” मी म्हणालो. “चेहऱ्याला तीस आहेत.”

मास्तरांनी रेडिओ बारीक केला.

“शंभरात तीस?”

“तीस.”

“एक सांगू का तुम्हाला, कवळीवाले?” मास्तर म्हणाले. “माझा सगळा जन्म ह्या धंद्यात गेला. अख्ख्या शाम शुई पोचे मेलेले लोक माझ्या घरांत राहतात. पण एका गिऱ्हाइकानं परत येऊन सांगितलं नाही, की मोक, जिना जरा अरुंद झाला, किंवा बाथरूम छान आहे. घरचे लोक पैसे देतात, मालाला काडी लावतात, डोळे पुसतात आणि जेवायला जातात. माझं काम बघतो कोण?” त्यांनी सगळ्यांत बारीक कुंचला उचलला. “तीस म्हणालात ना?”

आणि त्यांनी डोळे दिले.

फुंग आमच्याकडे बघायला लागला. चित्रपटात बघतो तसाच, समोरच्यानं तिकीट न काढता बोटीत पाय ठेवलाय अशा नजरेनं. वहिनी दोन पावलं मागे सरकली. कॉस्मॉसनं विजेरी विझवली, जी तो कधी विझवत नाही.

“अठ्ठावीस,” मी म्हणालो.

“दोन कुठे गेले?” मास्तर ओरडले.

कपडे आणि पादत्राणे

कोट पातळ कागदाचा होता. त्यावर तेलाचे हात देऊन मास्तरांनी तो भिजलेला दाखवला होता. कॉस्मॉस भिंग लावून शिवण तपासत होता, जिथे शिवण नव्हतीच, खळ होती. मग तो पायापाशी पोचला आणि थांबला.

“मास्तर, दोन बूट आहेत.”

“पाय दोन आहेत.”

“अखेरच्या प्रसंगात एकच असतो. उजवा काढा.”

मास्तरांनी कात्री घेतली. तोपर्यंत त्यांना आमची इतकी सवय झाली होती, की आम्ही डोकं काढा म्हणालो असतो तरी त्यांनी फक्त किती गुण वाढतील एवढंच विचारलं असतं. बूट कापला गेला आणि वहिनीचा आवाज चढला.

“अरे, हे काय? अनवाणी पाठवू त्याला? एका पायानं? तिकडची माणसं काय म्हणतील, बायकोला दुसरा बूट परवडला नाही?”

“वहिनी, प्रसंगच तसा आहे. फुंग धक्क्यावर येतो, बूट पाण्यात—”

“मला नको सांगू प्रसंग. मला माहितीये प्रसंग. बूट लावा, मास्तर.”

“पण कुनला काय वाटेल?” कॉस्मॉस म्हणाला.

“त्याला काय कळणार आहे!”

कॉस्मॉसला हे लागलं. दुकानाबाहेर आल्यावर त्यानं भिंग खिशात टाकलं. मग म्हणाला, “कुनला कळणार नाही? त्याच्याकडे पहिल्या आवृत्तीची डिस्क होती, कवळीवाल्या. मी स्वतः पाहिलीये. सीलबंद! अशी दुसरी सगळ्या हाँगकाँगात मिळायची नाही.”

बूट लागला नाही. मास्तरांनी तो बनियनच्या आत कुठेतरी खोचलेला मी पाहिला.

मांडणी

डोळे दिल्यामुळे आता प्रश्न आला की, चिंगमिंगपर्यंत हा राहणार कुठे?

मास्तर म्हणाले, “माझ्याकडे नको. मला रात्री त्याच्याशी भांडण होतंय असं वाटतं.” वहिनी म्हणाली, “माझ्याकडे भिंतीवर कुनचा फोटो आहे. दोघं मिळून माझ्याकडे बघत बसतील.” कॉस्मॉसनं आईला विचारलं. आईनं त्याला सांगितलं, की फुंग घरात आला तर ती जाईल आणि जाताना ते दोनशे खोके उघडून जाईल.

तेव्हा फुंग माझ्या काचेच्या पेटीत आला. खाली कॉस्मॉसनं टाइप केलेली पट्टी लावली. ‘१ पैकी १.’

पहिल्या दिवशी चार लोक थांबले. त्या आठवड्यात पेटीपुढे रांग लागली. माझ्या चित्रफितीखाली लोक भांडू लागले. कोटाचा ओलेपणा तेलाचा की लाखेचा? भुवईची तूट तीन केसांची की चार? एकानं लिहिलं, की प्लॅस्टिक आता संपलं, पुढचा जमाना कागदाचा. दुसऱ्यानं विचारलं, की टिकाऊपणाचं काय? त्यावर कॉस्मॉसनं उत्तर दिलं, ‘उत्पादकाच्या मूळ हेतूनुसार टिकाऊपणा लागू नाही.’ त्याला शेकडो अंगठे मिळाले. तैवानहून एक गृहस्थ आले आणि विकत घ्यायला जी किंमत बोलले ती ऐकून शेजारच्या पेटीवाल्यानं आपल्या मालाकडे पाठ फिरवली.

मोक मास्तर रोज दुपारी डबा घेऊन यायचे आणि रांगेत उभे राहायचे. आपणच कर्ते हे सांगायचे नाहीत. नुसते ऐकायचे. कुणी “काय हात आहेत!” म्हणालं, की ते स्वतःच्या हातांकडे बघायचे आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे.

तुलना

आणि मग, चिंगमिंग तोंडावर आलं असताना, खरा फुंग आला.

वहिनीनं अर्ज भरला होता. तिनं तपकिरी खोका तसाच माझ्याकडे आणून दिला. मी तो कॅमेऱ्यासमोर उघडणार होतो, पण कॉस्मॉसनं त्यावर दोन्ही हात ठेवले. तेव्हा मॉलमधल्या एका दुकानदाराकडची उघडी फिगर मागून आणली आणि दोन्ही फुंग शेजारी उभे केले.

खऱ्याचा चेहरा चकचकीत होता. इतक्या तिमाही रंगकामात सुधारणा होऊनही एक डोळा जरा बाहेर, जिन्याकडे बघत होता. खऱ्याला एकाहत्तर गुण पडले. कागदाच्याला सांधे सोडून अठ्ठ्याऐंशी.

सांधे. खऱ्याच्या अंगात तीस सांधे. गुडघे दुहेरी, घोटे गोलाकार फिरणारे. कागदाच्याला एकच. मान हलते. मास्तर म्हणाले होते, “नकार द्यायला तेवढी पुरे.”

कॉस्मॉस बराच वेळ दोघांकडे बघत राहिला. मग त्यानं बँकेतला आवाज काढला.

“एक विचार करा. ह्या प्लॅस्टिकच्या फुंगचे दीड हजार नग निघालेत. कागदाचा एकच. ह्यातला कोणता जाळायचा, हा प्रश्न तरी पडावा का?”

“प्लॅस्टिक भट्टीत चालत नाही,” मी म्हणालो. “तिथे पाटी आहे.”

“कपडे तर कापडाचे आहेत. कपडे आणि खोका पाठवू. अंग मागाहून.”

“मागाहून कसं?”

“ते बघता येईल. अरे, कुनला खराच हवा होता ना? पैसे कशाचे भरले होते त्यानं? मग खरा पाठवणं हेच बरोबर. आपण कागदाचा पाठवला तर ती नक्कल झाली. मित्राला नक्कल पाठवायची?”

हे सगळं चुकीचं आहे हे मला दिसत होतं, आणि त्यात चूक कुठे आहे ते सापडत नव्हतं. कॉस्मॉसकडे कर्ज मागायला येणाऱ्यांचं बहुधा असंच होत असावं. मी मदतीसाठी मोक मास्तरांकडे पाहिलं. जाळणं हा ह्या माणसाचा पिढीजात धंदा. ते काचेला नाक लावून उभे होते.

“एक राहिला म्हणून काय बिघडलं?” मास्तर हळूच म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. “माझं केलेलं काहीच कुठे नाही. एवढी घरं बांधली. एक तरी उभं आहे का?”

अंतिम निर्णय

चिंगमिंगच्या सकाळी मॉल उघडला तेव्हा वहिनी दारात होती. हातात भाजलेल्या डुकराच्या मांसाचा डबा, संत्री, उदबत्त्या आणि कुनच्या आवडीचा डबाबंद चहा. मी, कॉस्मॉस आणि मास्तर पेटीसमोर खांद्याला खांदा लावून उभे होतो. कॉस्मॉसच्या हातात खऱ्या फुंगचा खोका होता.

“चावी,” वहिनी म्हणाली.

कॉस्मॉसनं दीड हजार आणि एक हे सगळं गणित पुन्हा मांडलं. वहिनीनं ते पुरतं ऐकून घेतलं. मधे एकदा डबा ह्या हातातून त्या हातात घेतला.

“झालं?” ती म्हणाली. “चांगला झालाय म्हणतोस ना?”

“अप्रतिम झालाय, वहिनी. म्हणूनच तर—”

“मग दे.” ती मोक मास्तरांकडे वळली. “मास्तर, वाईट झाला असता तर राहू दिला असता हो इथे. चांगला झालाय म्हणूनच पाठवायचाय. मी कुनला आयुष्यात चांगलं काय दिलं? सकाळच्या शेवया. त्याही गिच्च व्हायच्या.”

मास्तरांनी माझ्या खिशाकडे बोट केलं. मी चावी काढली.

“वहिनी, हातमोजे तरी घाला!” कॉस्मॉस ओरडला. तिनं फुंगला कमरेला धरून उचललं, भाजीवाल्याकडचा मुळा उचलावा तसं.

डोंगरावर गर्दी होती. अस्थींच्या कोनाड्यांपुढे लोक फरशी पुसत होते, फुलं खोचत होते, संत्री सोलत होते. भट्टीपाशी धुरात आमचा नंबर लागला तेव्हा कॉस्मॉसनं कागदी खोके पुढे केले. फुंग आत, पातळ कागद वर, झाकण बंद, बाहेरचा खोका, चिकटपट्टी. चिकटपट्टीही कागदाचीच. खोक्याचे दहापैकी दहा उगाच नव्हते.

वहिनीनं चिकटपट्टीला नख लावलं.

“वहिनी, सील!”

“बंद पाठवला तर तो उघडणारच नाही,” ती म्हणाली. “माझं आयुष्य गेलं त्या बंद खोक्यांची धूळ पुसण्यात. तिकडे तरी बाहेर काढून बघू दे त्याला.” तिनं खर्रकन पट्टी काढली. एक खोका भट्टीत, मग दुसरा. फुंग तिच्या हातात राहिला, आमच्याकडे तशाच नजरेनं बघत.

मोक मास्तर खाकरले. त्यांनी बनियनच्या आतून काहीतरी काढलं, त्याला थुंकी लावली आणि फुंगच्या उजव्या पायाला दाबून धरलं. बूट बसला.

“तीन गुण गेले,” कॉस्मॉस पुटपुटला.

“जाऊ देत,” मास्तर म्हणाले.

कागदी माणूस पाठवताना त्याला नाव घेऊन बजावायचं असतं, नाहीतर तो भलत्याच्या दारी जातो. वहिनीनं फुंगला तोंडासमोर धरलं. “हे बघ, फुंग. यिप वाई-कुन म्हणून विचारायचं. मिनीबसवाला. उशीर झाला म्हणून चिडलेला असेल, तर त्याला सांग, कंपनीची चूक आहे. आणि रिकामा बसू नकोस, भांडी घास.”

मग तिनं हात पुढे केला. तेल लावलेला कोट आधी पेटला. मान एकदा हलली, नकार दिल्यासारखी, की होकार, ते धुरात समजलं नाही. माझा कॅमेरा पिशवीतच होता.

“किती?” मास्तरांनी विचारलं. ते भट्टीकडेच बघत होते. “सगळे धरून. किती झाले?”

मी बेरीज केली, पुन्हा केली. “मास्तर, वस्तू समोर नसताना गुण देता येत नाहीत. तो नियम आहे.”

“असू दे,” मास्तर म्हणाले. “गिऱ्हाईक कळवील.” आणि ते हसले, पलीकडच्या डोंगरावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं.

वहिनीनं डबा उघडला आणि मांसाचे तुकडे सगळ्यांना दिले. कॉस्मॉसनं खऱ्या फुंगचा खोका तिला परत करायला पुढे केला.

“तो तुलाच,” ती म्हणाली. “कुनची आठवण. फक्त घरी जाऊन उघड, आणि कसा दिसतो त्याचा फोटो पाठव मला. आजच.”

कॉस्मॉस पायरीवर बसला. खोका मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. बँकेत त्याच्यापुढे कर्ज मागायला बसणारेही इतके घाबरत नसतील. मग विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, “पण वहिनी, दोन बूट नको होते. कुन पहिल्यांदा पायच बघणार. अखेरच्या प्रसंगात—”

“त्याला काय कळणार आहे,” वहिनी म्हणाली आणि दोन बोटांनी केसांतली राख झटकली, कारण उरलेल्यांत संत्रं होतं.

डोंगर उतरताना तिनं मला सांगितलं. ‘खाऱ्या पाण्याची शपथ’ यौ मा तेईच्या थिएटरात लागला होता, तेव्हा त्या दोघांचं लग्न व्हायचं होतं. कुन निम्म्यातच तिच्या खांद्यावर झोपला आणि दिवे लागल्यावर उठला. अखेरचा प्रसंग तिनं एकटीनंच पाहिला.